घराजवळच्या सुशीविषयी लेकीस पत्र

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. घराजवळच्या सुशीच्या रेस्टॉरंटमध्ये शुक्रवारी ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना घेऊन जाणार आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र त्याच पत्रातले "खरी सुशी अशा ठिकाणी मिळत नाही म्हणे" हे वाक्य मला खटकले. गुळगुळीत लाकडी काउंटरमागे उभ्या असलेल्या शेफने काय खायचे ते ठरवायचे, एकेक तुकडा समोर ठेवायचा आणि पाहुण्यांनी आवाज न करता तो खायचा, तेवढीच काय ती अस्सल सुशी आणि बाकी सारी तडजोड, अशी एक समजूत हल्ली पसरली आहे. तिला इतिहासाचा आधार नाही, आणि तिच्यापायी तू संकोचत त्या दारातून आत जावेस हे मला मुळीच रुचणार नाही.

आज ज्याला निगिरी म्हणतात, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचा हाताने दाबलेला लांबट गोळा आणि त्यावर माशाची चकती, तो प्रकार एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, 1820 च्या दशकात रुळला आणि त्याचे श्रेय बहुतेक जण हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. त्याआधीची सुशी फार सावकाशीची होती. मीठ लावलेला मासा भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, भात आंबला की त्या आंबटपणाने मासा टिकायचा, आणि खाताना भात बहुधा काढून टाकायचा. जपानमधल्या बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी नावाची सुशी अजूनही याच रीतीने करतात. एदोतल्या कष्टकऱ्यांना एवढी वाट पाहायला सवड कुठली? आंबवण्यातून येणारी चव व्हिनेगरने साधली, आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर माणसे उभ्या उभ्या, हातानेच सुशी खाऊन आपापल्या वाटेला लागू लागली. तुकडा आजच्यापेक्षा चांगलाच मोठा असे, आणि बर्फाची सोय नसल्यामुळे मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला, मीठ-व्हिनेगर लावलेला किंवा शिजवलेला असे. म्हणजे चटकन मिळणारे, पोटभरीचे, येणाऱ्याजाणाऱ्याचे खाणे हेच या सुशीचे मूळ रूप आहे. काउंटरचा तो थाट पुष्कळ नंतरचा.

1958 मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बशा पुढे सरकवणारे पहिले रेस्टॉरंट काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती, आणि 1970 च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनामुळे ती सर्वदूर पोहोचली. त्यांनी सुशी हलकी केली असे मला वाटत नाही. ज्या घरांना सुशी परवडत नव्हती त्या घरांतली मुले ती खाऊ लागली, हे मोठे काम आहे.

म्हणून तुझ्या रेस्टॉरंटची पारख त्याच्या साधेपणावरून किंवा झगमगाटावरून करू नकोस. भातावरून कर. सुशी म्हणजे कच्चा मासा असे जवळजवळ सगळेच समजतात. वास्तविक नुसत्या कच्च्या माशाला साशिमी म्हणतात, आणि सुशीला सुशीपण देतो तो भात. आखूड दाण्याचा तांदूळ नेमक्या पाण्यात शिजवायचा, गरम असतानाच त्यावर तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचे मिश्रण घालायचे, आणि दाणा चिरडणार नाही अशा बेताने लाकडी उलथन्याने कापल्यासारखा परतत, वारा घालत तो निववायचा. खायला देताना तो साधारण अंगाइतका कोमट असावा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यातली सुशी बेचव लागते ती यामुळेच: गार झाल्यावर भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दाणा कडक आणि कोरडा पडतो, मग वरचा मासा कितीही चांगला असो. पहिला घास घेतलास की मासा क्षणभर विसर आणि भाताकडे लक्ष दे. दाणे तोंडात सुटे होतात का, आंबटपणा जाणवतो पण टोचत नाही ना, भात गार तर नाही, एवढे पाहिलेस तरी स्वयंपाकघरात किती आस्था आहे ते तुला कळेल.

मागे मी तुझ्याकडे आले होते तेव्हा आपण तिथे जेवलो. तू मेनू वाचण्यात गुंतली होतीस आणि मी त्या तरुण शेफचे हात पाहत होते. तो बोटांची टोके व्हिनेगरच्या पाण्यात बुडवी, तळवे एकमेकांवर आपटून जास्तीचे पाणी झाडी, उजव्या हातात भात घेता घेताच डाव्या हातावर माशाची चकती घेई, तर्जनीने तिच्यावर वसाबीचे, म्हणजे त्या झणझणीत हिरव्या वाटणाचे, बोट लावी, आणि मग पाच-सहा हालचालींत तुकडा तयार होई. दाबणे इतके हलके होते की बशीत ठेवल्यावर भात किंचित खाली बसलेला दिसला. आत हवा राहिल्याशिवाय असे होत नाही. भिंतीवर निऑनचे दिवे होते आणि गाणी जरा मोठ्याने चालू होती, पण त्या हातांना शिस्त होती. माझे त्या जागेविषयीचे मत तिथेच चांगले झाले.

आता तू विचारलेल्या प्रश्नाकडे वळते, कच्चा मासा खाणे सुरक्षित आहे का. आपण 'ताजा' या शब्दावर फार विसंबतो. समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात, आणि ते ताजेपणाने नव्हे तर गोठवण्याने मरतात. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे कच्चा खायचा मासा उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास किंवा उणे 35 अंशांना किमान 15 तास गोठवावा लागतो, आणि अमेरिकेच्या मार्गदर्शनात उणे 20 अंशांना 7 दिवस सांगितले आहेत. ट्यूनाचा लाल रंग टिकावा म्हणून तो बरेचदा उणे 60 अंशांपर्यंत गोठवतात. तेव्हा "आमचा मासा गोठवलेला आहे" असे कोणी मोकळेपणाने सांगितले तर नाक मुरडू नकोस. त्याने आपले काम नीट केले आहे. मात्र गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे हातांची स्वच्छता आणि मासा सतत थंड ठेवणे यांना पर्याय नाही. गरोदर बाईने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने कच्चा मासा टाळावा, हेही लक्षात असू दे. तुला आवडतो तो सॅल्मन जपानी लोक पूर्वी कच्चा खात नसत, कारण त्यांच्याकडच्या पॅसिफिक सॅल्मनमध्ये कृमी असत. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेने आपला पाळीव सॅल्मन सुशीसाठी जपानमध्ये चिकाटीने पुढे आणला, त्या माशांना कोरडे खाद्य मिळत असल्यामुळे कृमींचा धोका फारच कमी असतो, आणि आज सॅल्मनवाचून सुशीचा मेनू असू शकेल असे कोणाला वाटतही नाही. परंपरा म्हणून ज्या गोष्टीचा दाखला दिला जातो, ती कधी कधी तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असते.

एकदम ढीगभर मागवू नका. दोन-तीन प्रकार मागवा, ते संपवा, मग पुढचे. पांढऱ्या, सौम्य माशापासून सुरुवात करावी आणि चरबीदार ट्यूना, भाजलेली ईल (वाम) असे जड चवीचे प्रकार मागे ठेवावेत, म्हणजे आधीची चव नंतरच्या चवीखाली दबत नाही. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, किंबहुना भात सुटत नाही म्हणून तेच सोयीचे. सोया सॉसला माशाची बाजू टेकवावी. भात बुडवला तर तो सॉस शोषून घेतो, विस्कटतो आणि खारटपणाखाली बाकी काही लागत नाही. बशीतला आल्याचा गुलाबी काप निगिरीवर ठेवून खायचा नसतो, एक प्रकार संपवून दुसरा घेण्याआधी तोंड स्वच्छ करायला तो असतो. वसाबीची हिरवी गोळी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ, मोहरी आणि रंग यांची असते. खरे वसाबीचे मूळ महाग असते आणि किसल्यावर त्याचा सुगंध काही मिनिटांतच उतरू लागतो, तेव्हा घराजवळच्या साध्या जागी तशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नकोस, आणि एकीच्या चॉपस्टिक्समधून दुसरीच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नकोस. या दोन्ही गोष्टी जपानमध्ये मृत्यूनंतरच्या विधींशी जोडलेल्या आहेत.

रोल्सविषयी, म्हणजे भात आणि सारण नोरीत (समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात) गुंडाळून कापलेल्या तुकड्यांविषयी, तू जरा अपराधी सुरात लिहिले आहेस. ॲव्होकॅडो घातलेला आणि भात बाहेर असलेला कॅलिफोर्निया रोल उत्तर अमेरिकेत जन्मला, म्हणून तो खोटा ठरत नाही. चरबीदार ट्यूनाचा मऊपणा ॲव्होकॅडोत शोधणाऱ्याची जीभ तयार असली पाहिजे. माझी तक्रार आहे ती मेयोनीज आणि गोड सॉसच्या रेघोट्यांनी झाकून टाकलेल्या रोल्सविषयी, कारण त्यांच्याखाली भात कसा आहे आणि मासा कसा आहे हे कळायला मार्ग उरत नाही. तसा एखादा तिघींत मिळून जरूर खा, पण साधी निगिरी झाल्यावर.

तेमाकी, म्हणजे नोरीचा हाताने वळलेला कोन, मागवाल तेव्हा तो हातात येताच खा. नोरी कुरकुरीत असते ती जेमतेम मिनिट-दोन मिनिटे. भाताची वाफ लागली की ती चिवट होते, मग फोटो चांगला येतो आणि घास वाया जातो. या काळ्या पापुद्र्यामागे एका बाईची गोष्ट आहे, ती तुला कळावी असे मला फार दिवस वाटत होते. नोरीचे शेवाळ उन्हाळ्यात कुठे नाहीसे होते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जपानमध्ये तिची शेती पूर्णपणे दैवावर चाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर ती पार मोडकळीस आली होती. कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने 1949 मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की शिंपल्यांत वाढणारा, वेगळाच जीव समजला गेलेला एक गुलाबी तंतू ही वास्तविक त्याच जातीच्या शेवाळाची एक अवस्था आहे. त्या आधारावर जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर बीज वाढवण्याची रीत बसवली आणि नोरीची शेती पुन्हा उभी राहिली. विवाहित स्त्रियांना नोकरीत न ठेवण्याच्या नियमामुळे लग्नानंतर मँचेस्टर विद्यापीठातली पगारी जागा तिच्या हातून गेली होती, तरी तिने संशोधन सोडले नाही. ती जपानला कधी गेली नाही. पण कुमामोतो प्रांतातल्या उतो येथे 1963 मध्ये उभारलेल्या तिच्या स्मारकापाशी दरवर्षी 14 एप्रिलला लोक जमतात. शुक्रवारी मैत्रिणींनाही हे सांग.

तुझ्या शाकाहारी मैत्रिणीसाठी मात्र आधीपासून काळजी घे. काकडीची कप्पा माकी आणि ॲव्होकॅडोचा रोल यांत सहसा अडचण नसते, पण मिसो सूप, तळलेल्या टोफूच्या पिशवीतली इनारी, शिजवलेले शिताके मशरूम, अंडे चालत असेल तर गोडसर ऑम्लेटही, या सगळ्यांत दाशी असण्याचा दाट संभव असतो, आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा काढा असतो. मेनूवर हिरवे पान छापले आहे एवढ्यावर विसंबू नको, थेट शेफला विचार. टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला पदार्थ, मागवायचा झाल्यास भाज्या आणि कोळंबी एकाच तेलात तळतात का, हेही विचारायला लाजू नको. दुसरीला गहू चालत नाही म्हणतेस, तर तिला नेहमीचा सोया सॉस वर्ज्य आहे, कारण तो सोयाबीनबरोबर गहू आंबवूनच करतात. तामारी नावाचा गहू नसलेला सोया सॉस त्यांच्याकडे आहे का ते पाहा, आणि खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्याही टाळा, कारण त्या पांढऱ्या माशाच्या लगद्यात बहुधा गव्हाचा स्टार्च घालून केलेल्या असतात.

हे सगळे शुक्रवारी ऐन गर्दीत विचारणे शेफलाही अवघड जाईल. गुरुवारी दुपारी, जेवणाची वेळ टळल्यावर, त्यांना फोन कर, दोघींच्या पथ्याची नीट कल्पना दे, आणि काउंटरवरच्या तीन जागा शेजारी शेजारी मागून घे. टेबलापेक्षा तिथेच बसा, म्हणजे तुकडा तयार झाल्या क्षणी हाती येईल. काय काय खाल्लेत आणि भात कसा होता, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई