तुझ्या पाच शहरांच्या बेताबद्दल

प्रिय मंदार,

बेताचा कागद मिळाला. बारा दिवसांत पॅरिस, बार्सिलोना, रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस, आणि बरोबर काकू! रागावू नकोस, पण मी पेन्सिल घेतली आणि पॅरिस-बार्सिलोना खोडून टाकलं. फ्लॉरेन्सवर काट मारताना हात जरा अडखळला, पण मारली.

का ते सांगतो. शहर बदलायचं म्हणजे कागदावर नुसता एक बाण असतो. प्रत्यक्षात बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, नवी खोली शोधायची आणि ती दुपारी तीनशिवाय ताब्यात मिळणार नाही म्हणून सामान कुठेतरी ठेवून तंगडतोड करायची. अर्धा दिवस गेलाच, विमान असेल तर त्याहून जास्त. चार वेळा शहर बदललंस की बारातले दोन-तीन दिवस सामान राखण्यात जाणार. पहिल्या खेपेला मी नेमकं हेच केलं होतं. त्या वेळच्या फोटोंतलं कुठलं चर्च कुठल्या गावातलं, हे मला आजही धड सांगता येत नाही.

तेव्हा रोमला सहा रात्री, व्हेनिसला चार. विमानाचं तिकीट रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून निघायचं असं काढ. शोधताना 'मल्टी सिटी' निवड. दोन सुटी एकेरी तिकिटं घेण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं, आणि उगाच रोमला परत जावं लागत नाही. आता सगळा मुक्काम एकाच देशात, इटलीत, आल्यामुळे व्हिसाचाही घोळ मिटला. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. तो सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

रोमला पहिल्या दिवशी काहीही 'बघायचं' ठेवू नकोस. झोप अपुरी, पाय जड, अशा अवस्थेत काकूंना कलोसियमच्या रांगेत उभं करणार आहेस का? संध्याकाळी नुसते पियात्झा नव्होना या चौकात बसा. तिथून पँथिऑन, म्हणजे प्राचीन रोमन मंदिर, पाच मिनिटांवर आहे, ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताना गाठा. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. लोखंडी सळई नाही, नुसतं काँक्रीट, आणि सुमारे १९०० वर्षं उभं आहे! घुमटाच्या मध्यावर उघडं भोक आहे, काच वगैरे काही नाही. पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. मी गेलो तेव्हा ऊन होतं आणि उन्हाचा एक कवडसा भिंतीवरून सरकत होता. मी तासभर तो कवडसाच बघत बसलो. तुझ्या मूळ बेतात पँथिऑनला वीस मिनिटं दिली होतीस, म्हणून सांगतो.

तिथून जवळच सॅन लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. आत कारावाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं, १६००च्या सुमाराची, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. प्रवेश फुकट. कोनाड्यात अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. तेव्हा सुटी नाणी खिशात ठेव. दुपारी बरीच चर्चं बंद असतात, आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. काकूंची साडी असल्यामुळे चिंता नाही, चिंता तुझ्या हाफपँटची आहे.

कलोसियमचं तिकीट आधीच काढ. ते नावाने मिळतं, त्यामुळे पासपोर्ट बरोबर ने. त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही असते, पण कित्येक जण थकून तशीच सोडून येतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, म्हणूनच त्या दिवशी तिकडे फिरकू नकोस. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस. रस्तोरस्ती लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. काकूंना हे फार आवडेल.

पैशांचं एकच सांगतो. कार्ड घासल्यावर यंत्र विचारतं, युरोत देणार की तुमच्या चलनात? नेहमी युरो. आपलं चलन निवडलंस की दर ते ठरवतात, आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

आता व्हेनिस. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडी चारेक तासांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला पोचवते. त्याआधी मेस्त्रे लागेल, तिथे उतरू नकोस. ते मुख्य भूमीवर आहे. तिथली हॉटेलं स्वस्त दिसतील, पण मोहात पडू नकोस. व्हेनिस खरं कळतं ते दिवसाची गर्दी ओसरल्यावर आणि पहाटे, आणि मेस्त्रेला राहिलास तर नेमके हेच तास बसमध्ये जातील. शिवाय २०२४पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून तिथे प्रवेशशुल्क घेतात. शहरात रात्री राहणाऱ्यांना ते माफ असतं, मात्र त्या दिवसांसाठी ऑनलाइन नोंद करून ठेवावी लागते.

माझी फजिती ऐक. हॉटेलच्या पत्त्यात चार आकडी घरक्रमांक होता. तिथे क्रमांक गल्लीला नसतो, अख्ख्या विभागाला असतो. असे सहा विभाग, आणि एकेका विभागात हजारो क्रमांक, वळणावळणाने चढत जाणारे. मी शेजारचा आकडा सापडल्याच्या आनंदात वळलो, तर पुढे पाणी! चाकांची बॅग घेऊन रात्री नऊ वाजता सात पूल चढलो-उतरलो. हो, चारशेच्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून हॉटेल वापोरेत्तोच्या, म्हणजे पाण्यातल्या बसच्या, थांब्याजवळ घे. हॉटेलवाल्याला आधीच विचार की थांब्यापासून दारापर्यंत किती पूल. अंतर विचारू नकोस, पूल विचार.

क्रमांक एकचा वापोरेत्तो मोठ्या कालव्यातून रमतगमत जातो. काकूंना पुढे मोकळी जागा मिळाली तर बसव, अर्धं व्हेनिस तिथूनच दिसतं. कालव्यावर पूल चारच आहेत. मधे कुठे पलीकडे जायचं असेल तर 'त्रागेत्तो' नावाची साधी होडी मिळते. गोंडोलाचीच भावंडं, पण मिरवण्यासाठी नाही, ओलांडण्यासाठी. वाट चुकलास तर भिंतीवरच्या 'पेर रियाल्तो' किंवा 'पेर सान मार्को' या पिवळ्या पाट्या बघ. एकदा मला एकाच भिंतीवर दोन विरुद्ध दिशांना बाण दिसले होते, आणि दोन्ही बरोबर होते.

फ्लॉरेन्सबद्दल अजून मन खात असेल तर रोममधला एक दिवस तिकडे जाऊन ये, वेगवान गाडीने दीड तास लागतो. साधी प्रादेशिक गाडी घेतलीस आणि तिकीट कागदी असलं, तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घे, नाहीतर तिकीट असूनही दंड.

तारखा ठरल्या की आधी मला कळव. महिन्याचा शेवटचा रविवार मधे येतो का, ते बघून देतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश