क्रीम दुधाचे की तेलाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा नातवाच्या वाढदिवसाला सुनेने क्रीमचा कॅन आणला आणि दुपारीच केकवर सुंदर फुले काढली. संध्याकाळी औक्षण होईपर्यंत ती सगळी बसली, कडेने पाणी सुटले. माल शिळा निघाला म्हणून ती बिचारी हिरमुसली. दोष मालाचा नव्हता. कॅनमध्ये क्रीमबरोबर नायट्रस ऑक्साइड वायू दाबाने भरलेला असतो आणि तो क्रीमच्या स्निग्धांशात विरघळतो. तोंड दाबले की दाब सुटतो, वायू फुगतो. हाताने फेटलेले क्रीम साधारण दुप्पट होते, हे चौपटीपर्यंत जाते, म्हणूनच टिकत नाही. कॉफीवर, फळांच्या फोडींवर, गरम शिऱ्यावरसुद्धा आयत्या वेळी घालावे आणि लगेच खावे.

खाण्याचे म्हणाल तर चमचाभर क्रीम जेमतेम 3 ग्रॅम भरते, म्हणजे 8 कॅलरी. त्याला भिण्याचे कारण नाही. पण 100 ग्रॅममागे अडीचशेच्या वर कॅलरी, 22 ग्रॅम स्निग्धांश आणि प्रथिने फक्त 3 ग्रॅम. मुलांना वाटीभर देऊन ‘दुधाचेच आहे’ असे समाधान मानू नये.

आणि ते दुधाचे असेल तर! रंकाळ्याजवळ एका ठिकाणी कोल्ड कॉफीवरच्या क्रीमबद्दल मी विचारले. तिथल्या मुलाने आपणहून पाकीट दाखवले. पाणी, साखर, हायड्रोजनेटेड पाम कर्नल तेल, म्हणजे पामच्या बियांचे, प्रक्रिया करून घट्ट केलेले तेल. दुधाचा स्निग्धांश नावालाही नाही. वर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’. अहो, वनस्पती तेलात ते नसतेच! संपृक्त मेद, म्हणजे तुपासारखा गोठणारा, बेताने खावा असा मेद, मात्र यात भरपूर असतो. ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदावर, आपल्याकडे 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, ते चांगलेच झाले, पण ती मर्यादा संपृक्त मेदाला लागू नाही.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेऊन फेसाळ दूध पिणारे आपण. त्याच गावात तेलाचा फेस क्रीमच्या नावाने पुढे येतो, याचे मला फार वाईट वाटते. हे पदार्थ विकायला बंदी नाही, माझी तशी मागणीही नाही. कॅफे आणि केकवाल्यांनी दरपत्रकात ‘दुधाचे क्रीम’ किंवा ‘वनस्पती तेलाचे क्रीम’ एवढे दोन-तीन शब्द छापावेत. आपल्या पुरवणीतही पाकिटावरची घटकांची यादी कशी वाचायची, हे एकदा सविस्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक आजी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर