भरतीचं वेळापत्रक आणि 24 मुख्याध्यापक

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

ग्वाल्हेरहून 24 मुख्याध्यापक तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी घेऊन येतोयस, तर त्यांना तिन्ही दिवस सभागृहात कोंडू नकोस. एक दिवस बडोद्यात आणि दोन दिवस किनाऱ्यावर काढ.

किनाऱ्याची सुरुवात कावी-कंबोईपासून कर. मही नदीच्या मुखाजवळचं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत पुन्हा उघडं पडतं. भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी परत येते, म्हणजे रोज जवळपास 50 मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ धरून बस काढली की फसगत ठरलेली. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब मुंबईकडे ढोबळमानाने जुळतो, पण खंभातच्या आखातात पाणी वर चढायला आणखी काही तास लागतात, तिथे तो वापरू नकोस. त्या तारखेचं भरती-ओहोटीच्या वेळांचं कोष्टक घे आणि गावात विचारून खात्री कर. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, तो जोर नसतो. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून आत काही ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो. चिखलात कुणालाही उतरू देऊ नकोस. पाय रुततो आणि पाणी वेगाने येतं.

या सहलीचं नियोजन हेच आदल्या संध्याकाळचं प्रशिक्षण. 6 जणांचे 4 गट कर, प्रत्येकाला कोष्टक, नकाशा आणि 40 मिनिटं दे. 25व्या मिनिटाला चिठ्ठी पाठव : 'बस एक तास उशिरा.' हमखास बिघडतं ते इथेच. सर्वांत ज्येष्ठ मुख्याध्यापक निर्णय सांगून मोकळे होतात, आणि ज्याने कोष्टक नीट वाचलंय तो गप्प बसतो. म्हणून आधी 5 मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं. मग सर्वांत नवख्याने पहिल्यांदा वाचायचं, ज्येष्ठांनी शेवटी. किती वाजता परत फिरायचं आणि ते कोण सांगणार, हेही आधीच लिहून घे. काठावर उभं राहून ते ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी भरूच, नर्मदेचा काठ. मला सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात याच बंदराला बॅरिगाझा म्हटलंय. राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि परकी गलबतं आत आणत. भरती असेतो ओढत न्यायची आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं. वाळूचे दांडे कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक. तिथेच बसून प्रत्येकाला विचार : तुझ्या शाळेतले असे वाटाडे कोण? लिपिक, शिपाई, पहिलीच्या वर्गाच्या बाई? शेवटचं त्यांना कधी विचारलंस? उत्तरं तोंडी नकोत, लिहून घे. तोंडी घेतलंस तर दोघे-तिघेच बोलत राहतात.

परतताना वेळ उरला तरच लोथल, हडप्पा संस्कृतीतलं प्राचीन ठिकाण. 1955 नंतरच्या उत्खननात सापडलेला विटांचा हौद सुमारे 220 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद आहे. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला गोदी म्हटलं, काही अभ्यासक पाण्याचा साठा म्हणतात. अर्ध्या मंडळींना एक बाजू दे, अर्ध्यांना दुसरी, आणि मध्येच बाजू बदलायला लाव.

पुढचा पाठपुरावा मात्र सोडू नकोस, नाहीतर सगळं सहलीवर संपतं. प्रत्येकाने एकच बदल निवडावा, तोही आधी एका वर्गात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण 1893 साली आधी अमरेलीत सुरू केलं आणि 1906 साली सगळ्या संस्थानात नेलं. मधली 13 वर्षं तुझ्या मंडळींना आवर्जून सांग. 6 आठवड्यांनी प्रत्येकाला फोन कर, प्रश्न एकच : काय अडलं?

पावसाळ्यात हे काही जमायचं नाही. डिसेंबर-जानेवारीतली पौर्णिमा धरून तारखा कळव, म्हणजे कोष्टक पाहून बस किती वाजता काढायची ते लिहितो.

तुझा,
विनायक