लॉकर आहे, पण विमा?

लग्नसराईत साखरपुड्याच्या अंगठीपासून पाटल्या-तोड्यांपर्यंत लाखोंची खरेदी होते आणि कार्य उरकले की सारे बँकेच्या लॉकरमध्ये जाते. तिथे त्याचा विमा असतोच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. भाडे ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. त्यात आज चार तोळे सोनेही येत नाही. पूर-भूकंपात बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर तेवढेही नाही. २०१९ आणि २०२१चा महापूर सोसलेल्या आम्हा सांगलीकरांना याची धास्ती वाटणारच.

दागिन्यांचा विमा आपणच उतरवावा लागतो. घरविम्यात दागिने आहेत का, अंगावरचा दागिना बाहेर हरवला तर भरपाई मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. एचयूआयडी (हॉलमार्कच्या दागिन्यावर कोरलेला स्वतंत्र ओळख-क्रमांक) नोंदवलेली पावती, हिऱ्याचे प्रमाणपत्र आणि फोटो लॉकरबाहेर ठेवावेत. सोन्याचा भाव वाढला की मूल्यांकनही नव्याने करावे. लॉकरच्या करारावर सही घेताना बँकांनी शंभरपटीचे हे कलम ग्राहकाला मराठीत वाचून दाखवावे, ही कळकळीची मागणी.

– एक वाचक, सांगली