'सौजन्य : इंटरनेट' म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलं मोबाईल आणि गेममधली पात्रं का काढत बसतात यावर जो लेख आला तो वाचला. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही सगळी फुकटची नक्कल आहे, परदेशी कंपनीचं आयतं पात्र घ्यायचं, गिरवायचं, नेटवर टाकायचं आणि लाईक मोजायचे. लेखासोबत मोठं चित्र छापलंय, खांद्यावर केसाळ झूल, उजव्या डोळ्यावर काळी पट्टी, हातात भाला, आणि खाली लिहिलंय 'गेममधला समुद्री चाचा'. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'सौजन्य : इंटरनेट'. चित्राचा खालचा कोपरा नीट बघा, तिथे काढणाऱ्याची सही होती, ती अर्धी कापली गेलीय.

मी सांगलीत चित्रकलेचा क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं येतात, आणि हा गेम मी स्वतः खेळलेय म्हणून राहवलं नाही. पहिलं म्हणजे तो चाचा नाही हो. तो दिमित्री, फर्गस राज्याचा युवराज, आणि गेमचं नाव फायर एम्ब्लेम : थ्री हाऊसेस, निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या गेमयंत्रावर जुलै 2019 मध्ये आलेला. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फायर एम्ब्लेम ही जपानमधली जुनी मालिका आहे, पहिला गेम 1990 चा, शोझो कागा यांच्या डोक्यातून आलेला. बुद्धिबळासारखे चौकोन असतात, आपली पाळी मग शत्रूची पाळी, तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, हा हिशोब 1996 पासूनच्या बऱ्याच भागांत आहे. पण या मालिकेची खरी गंमत वेगळीच आहे. इथे प्याद्याला नाव असतं, आणि ते प्यादं मेलं की मेलं, पुढच्या लढाईत परत येत नाही. नंतरच्या भागांत सोपा मोड आला, थ्री हाऊसेसमध्ये तर काळ थोडा मागे फिरवायची सोय पण आहे, तरी मूळ स्वभाव तोच. एखादा तिरंदाज चुकीच्या चौकोनात उभा केला आणि समोरून घोडेस्वार आला तर तो गेला, आणि त्याच्याबरोबर पुढच्या सगळ्या गप्पा पण गेल्या. म्हणून लोक लढाई जिंकत आली असताना गेम बंद करून पहिल्यापासून खेळतात, केवळ एक जण वाचावा म्हणून. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. मला तर यातूनच फॅन आर्ट, म्हणजे चाहत्यांनी काढलेली चित्रं, कुठून येतं ते कळतं, ज्याला वाचवायला तासभर घालवला त्याचा चेहरा पाठ होतोच ना.

आणि गप्पा म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत. दोन जणांना शेजारी शेजारी उभं करून लढवलं की त्यांची ओळख वाढते, क, ब, अ अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला एक छोटा प्रसंग. थ्री हाऊसेसमध्ये तर तुम्ही मठातल्या शाळेत प्रोफेसर असता, तीन वर्ग आहेत, एक वर्ग निवडायचा, त्या मुलांना शिकवायचं, कुणाचं हरवलेलं सामान शोधून द्यायचं, वाढदिवसाला चहाला बोलवायचं. तीन वर्गांचे तीन म्होरके, त्यांच्या चहाच्या आवडी पण ठरलेल्या, दिमित्रीला कॅमोमाईल, साम्राज्याची राजकन्या एडेलगार्ड तिला बर्गमॉट, क्लॉडला अल्मिरा देशातल्या पाईनच्या पानांचा. मग मध्ये पाच वर्षं जातात, युद्ध पेटलेलं असतं, आणि ज्यांना तुम्ही आपल्या वर्गात ओढलं नाही ती मुलं समोरच्या बाजूला उभी असतात. ग्रॉन्डर म्हणून मैदान आहे, शाळेत असताना तिथे तीन वर्गांची लुटुपुटूची लढाई होते, हसतखेळत, नंतर मेजवानी. पाच वर्षांनी तेच मैदान, आणि मधल्या टेकडीवर बर्नाडेटा, जी मुलगी शाळेत खोलीच्या बाहेर पडायलाच घाबरायची ती. ती तिथे असतानाच तिच्या स्वतःच्या बाजूने टेकडीला आग लावली जाते. हा प्रसंग लोक अजून काढतात, आणि मजा बघा, बहुतेकजण आग काढतच नाहीत, तिच्या खोलीचा बंद दरवाजा काढतात नाहीतर शाळेतल्या मेजवानीत तिची रिकामी खुर्ची काढतात. हे गेममध्ये कुठेही असं दाखवलेलं नाही. आता याला नक्कल कशी म्हणायची ते लेखकांनी सांगावं.

दिमित्रीचंच घ्या, तुम्ही छापलात म्हणून. लहानपणी एका कत्तलीत त्याचे वडील, म्हणजे राजा, डोळ्यांसमोर मारले गेले, तेव्हापासून त्याला जेवणाची चवच लागत नाही, पण तो कुणाला बोलत नाही, वाढलेलं गुपचूप खातो, वर छान झालंय म्हणतो. अंगात ताकद इतकी की शिवणकाम शिकायला बसला तर कात्री मोडतो. गेममध्ये या गोष्टी एकेका संवादात येऊन जातात, पटकन बटण दाबलं तर सुटून पण जातात. चित्रं काढणारे तिथेच थांबतात. मोठमोठ्या लढाया सोडून कुणी त्याला मोडक्या कात्रीसमोर ओशाळलेला काढतं, कुणी ताटासमोर. एडेलगार्डचं तसंच, तिचे केस पांढरे दिसतात पण ते मूळचे तपकिरी, लहानपणी तिच्यावर आणि तिच्या भावंडांवर जे प्रयोग झाले त्यात रंग गेला, म्हणून तपकिरी केसांची छोटी एडेलगार्ड काढणारे ढीगभर आहेत. कंपनीच्या जाहिरातीतली एडेलगार्ड वेगळी आणि ही वेगळी. मूळ चेहरे चिनात्सु कुराहाना यांनी घडवलेले, ते श्रेय त्यांचंच, पण तिथून पुढचा प्रवास दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने होतो.

बरं, आपण क्षणभर धरून चालू की नक्कलच आहे. तर चित्रकला शिकायची दुसरी रीत कुठली होती हो? जे. जे. स्कूल 1857 मध्ये मुंबईत सुरू झालं, तिथली मुलं प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून वर्षानुवर्षं तेच रेखाटायची. 1872 पासून तिथलेच शिक्षक ग्रिफिथ्स साहेब त्याच शाळेतली मुलं घेऊन अजिंठ्याला जायला लागले आणि त्यांनी लेण्यांमधली चित्रं कॅनव्हासवर उतरवली, मोसमामागून मोसम तिथे राहून. तीही नक्कलच. पेस्तनजी बोमनजी त्या मुलांमधले, पुढे केवढे मोठे चित्रकार झाले. आणि त्यांचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे कारण तेव्हा कुणीतरी ते लिहून ठेवलं, 'सौजन्य : लेणी' म्हणून सोडून दिलं नाही.

माझ्या क्लासला एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही, तिला मानवाकृती अजिबात जमत नव्हती, स्मरणचित्रात सगळी माणसं पाठमोरी काढायची म्हणजे चेहरे आणि हात टळतात. तिने आतेभावाकडे हा गेम बघितला आणि फेलिक्स नावाच्या तलवारबाजावर जीव जडला तिचा. मग बोटं आली, मूठ आली, तलवार धरल्यावर मनगट कसं वळतं ते आलं, स्वतःच्याच हाताचे फोटो काढून बघायला लागली. मी वर्षभर घसा कोरडा करून सांगत होते ते फेलिक्सने करून घेतलं, मला जरा राग पण आला खरं तर. आता ती कापडाच्या घड्या आणि लोखंडाची चमक वेगवेगळी दाखवते, पोस्टर कलरमध्ये, टॅब वगैरे काही नाही. ती गिरवते का, हो, सुरुवातीला गिरवलं, पाटीवर अक्षर सगळेच गिरवतात.

लेखकांचा आणखी एक मुद्दा, की कंपन्या पात्रं विकायलाच बनवतात आणि मुलं त्याला बळी पडतात. अर्धं खरं आहे. फायर एम्ब्लेम हिरोज हा त्यांचा मोबाईल गेम 2017 ला आला, त्यात पात्रं मिळवायला सोडतीसारखा प्रकार आहे आणि त्यात लोकांचे पैसे जातात, मी मुलांना त्यापासून लांब राहा असंच सांगते. पण त्याच गेमसाठी दरवर्षी एक मतदान होतं, सगळ्या मालिकेतलं आवडतं पात्र कोणतं, आणि 2021 मध्ये काय झालं माहितीये? सगळ्यात जास्त मतं पडली थ्री हाऊसेसमधल्या मठाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला. ज्याला नाव पण नाही! नुसता गेटकीपर. शिरस्त्राण घातलेला साधा शिपाई, तुम्ही जवळ गेलात की आनंदाने सलाम ठोकतो, म्हणतो विशेष काही नाही प्रोफेसर, आणि मग पुढे काहीतरी सांगतोच. राजे, राजकन्या, ड्रॅगन सगळे मागे, अगदी 1990 च्या पहिल्या गेमचा नायक मार्थ पण मागे. कंपनीने त्याला विकायला बनवलाच नव्हता, तो दाराशी कुणीतरी हवं म्हणून उभा केलेला. लोकांनी त्याची इतकी चित्रं काढली, कुणी डबा खाताना, कुणी पावसात भिजताना, कुणी त्याची रजा मंजूर झाल्यावर, की शेवटी कंपनीला त्याच वर्षी त्याला हिरो म्हणून आणावं लागलं. दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा महाराज सिंहासनावर बसवून झाले की पोरांची खरी भांडणं दरवाज्यावरच्या मावळ्यावरून होतात की नाही, तो भाला मोडलेला तरी तोच पाहिजे, तसंच आहे हे.

सगळं गोडगोड आहे असं म्हणत नाहीये मी. युद्धात समोरासमोर असलेल्यांपैकी एडेलगार्ड बरोबर की दिमित्री यावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, चित्र काढणाऱ्यालाच शिव्या घालतात की तू हिला का काढलीस. बायकांची चिलखतं काही ठिकाणी अशी असतात की लढाईला चाललीय की कुठे चाललीय कळत नाही, आणि फॅन आर्टमध्ये ते आणखी वाढतं, त्याबद्दल लेखकांनी जे लिहिलं ते मला पटलं. 2023 च्या एंगेज भागातल्या नायकाचे केस अर्धे लाल अर्धे निळे, त्याला लोकांनी टूथपेस्ट म्हणून इतकं पिडलं, आणि मग त्यातल्याच काहींनी त्याची सुंदर चित्रं पण काढली, असे हे लोक.

पण तुम्ही छापलेल्या चित्राचा प्रश्न तसाच राहतो. आता एआयने चुटकीसरशी भालेवाला युवराज बनवता येतो, बोटं सहा आली तरी कुणी बघत नाही, अशा वेळी ज्याने खरंच बसून ती केसाळ झूल एकेक फटकाऱ्याने रंगवली त्याचं नाव कापून टाकणं मला फार लागलं. ज्या मोबाईल गेमला मी वर नावं ठेवली, त्यात सुद्धा प्रत्येक पात्राच्या पानावर चित्रकाराचं नाव दिलेलं असतं, आवाज कुणाचा तेही असतं. पैशासाठी चालवलेल्या गेमला हे जमतं.

तर माझी विनंती एवढीच, तुमच्याकडे मूळ फाईल असेल, त्यात सही पूर्ण असेल. ती वाचता येत नसेल तर तेच चित्र गुगलवर टाकून शोधा, माझ्या क्लासमधल्या सातवीतल्या मुलाला पण ते येतं, हवं तर त्याला पाठवते ऑफिसला. नाव सापडलं की पुढच्या रविवारी त्याच पानावर छापा, दिलगिरीची ओळ नको, नुसतं चित्रकाराचं नाव आणि पात्राचं नाव. आणि परवानगी विचारलेली नसेल तर तीही आता विचारा, ही माणसं बहुतेक वेळा हो म्हणतात, कधी कधी मानधन मागतात, तेव्हा द्या.

आपली नियमित वाचक,
सांगली

ता. क. लेखात 'ही मुलं स्वतःचं काही काढत नाहीत' असं वाक्य आहे. थ्री हाऊसेसमध्ये इग्नॅट्झ म्हणून एक चष्मेवाला मुलगा आहे, व्यापाऱ्याच्या घरचा, घरच्यांना तो सरदाराच्या पदरी शूर योद्धा व्हायला हवाय आणि हा चोरून चित्रं काढतो. लेखकांना गेम खेळायचा नसेल तर निदान त्याचे संवाद कुणाकडून तरी वाचून घ्यावेत, पालकांच्या अंकासाठी चांगला विषय आहे.