सहलीतल्या मुलांना एका वस्तूपाशी थांबू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या सहलींचा हंगाम तोंडावर आला आहे. एक सहल विज्ञान केंद्राची, एक किल्ल्याची किंवा संग्रहालयाची आणि मुलांचा हट्ट म्हणून एक पाण्यातल्या खेळांची, अशी वाटणी बहुतेक शाळांत ठरलेली असते. विज्ञानाच्या सहलीला विज्ञानाचे शिक्षक जातात, संग्रहालयाला इतिहासाचे नाहीतर चित्रकलेचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांना नेहमी घेऊन जाते. तिथे मुलांना पाहून माझी खात्री झाली आहे की कला एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे ही वाटणी त्यांच्या डोक्यात मुळात नसतेच. ती आपण करून देतो.

शुक्रवार पेठेतले हे संग्रहालय एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिले. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे काका केळकर, यांचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या दशकापासून त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि त्याही कसल्या, तर दिवे, कुलपे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, दारे-खिडक्या, वाद्ये. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्या त्यांनी उराशी धरल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडता येतात. तरीही एका फेरीत त्या पाहून होत नाहीत, आणि पाहून संपवायचा आग्रह धरूही नये.

आमची मुले अडकित्त्यांपाशी सर्वांत जास्त रेंगाळतात. त्यांच्या घरांत आता सुपारी कातरली जात नाही, त्यामुळे ही वस्तू त्यांना संपूर्ण नवी असते. “बाई, हा घोडा उघडतो कशाला?” असा प्रश्न घोड्याच्या आकाराच्या अडकित्त्याकडे पाहून एकाने विचारला होता. उत्तर देण्याऐवजी मी त्यांना चित्र काढायला बसवते. एका मुलीने घोडा सुरेख काढला, पण दोन दांडे जोडणारा खिळा कात्रीसारखा मधोमध काढला. मग तीच विचारात पडली, “असा असेल तर सुपारी कुठे ठेवायची?” पुन्हा काचेपाशी गेली, निरखून आली आणि खोडून खिळा टोकाला काढला. सुपारी खिळ्याच्या अगदी लगत, पाते तिच्यावर आणि हाताची पकड दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला. टेकू, भार, बल हे शब्द मुले पुस्तकात घोकतात. इथे ते तिच्या पेन्सिलीने शोधून काढले. दांडे आखूड असते तर सुपारी फुटली असती का, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतःच काढला आणि त्यावर चांगलेच भांडले.

वज्रीचेही तसेच. टाचा घासायच्या या वस्तूचे बूड खरखरीत असते आणि वर मोर किंवा हत्ती बसवलेला असतो. मोठी माणसे “काय नक्षीकाम आहे!” म्हणून पुढे जातात. मुले विचारतात की न्हाणीघरात मोर कशाला. ओल्या, तेलकट हातातून गुळगुळीत वस्तू निसटते आणि मोराची मान बोटांत घट्ट बसते, हे त्यांना सांगावे लागत नाही, हाताची मूठ करून तीच एकमेकांना दाखवतात. तिथली शोभा हीच मूठ आहे.

आपल्याकडच्या जुन्या टांगत्या दिव्यांत तर एक प्रकार असा आहे की त्यापुढे मी स्वतः थक्क होते. दिव्यावर एक पक्षी असतो. त्याचे पोट पोकळ, वरून हवाबंद आणि तेलाने भरलेले. पोटातून निघालेल्या नळीचे तोंड खालच्या तबकडीतल्या तेलात बुडालेले असते. वात तेल ओढते, पातळी उतरते, नळीचे तोंड उघडे पडते, हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढ्यापुरते तेल खाली येते. तोंड पुन्हा बुडाले की तेल थांबते. वर्गात आम्ही हे पाण्याची बाटली ताटलीत उलटी धरून करून पाहतो. ताटलीतले पाणी चमच्याने काढले की बाटलीत ‘गुडुक’ होते आणि पाणी आपोआप भरते. ज्या कारागिराने हा पक्षी ओतला, त्याला हवेचा दाब कळत होता आणि चोचीचा बाकही. त्याला कलाकार म्हणायचे की संशोधक?

कोणाला हे ओढूनताणून वाटत असेल तर आपल्याच दोन माणसांकडे पाहावे. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण आणि शिळाप्रेसचे काम करत करत १९१३ मध्ये त्यांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट पडद्यावर आणला. लक्ष्मणराव किर्लोस्करही चित्रकार व्हायलाच जे. जे. मध्ये गेले होते. रंग ओळखण्यातल्या दोषामुळे रंगकाम सुटले, पण यांत्रिक ड्रॉइंग हातात राहिले, आणि त्याच हाताने पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडवले. १९१० मध्ये त्यांना कारखान्यासाठी माळरान मिळाले ते औंध संस्थानात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारणारेही तेच. मी हे मुलांना सांगते तेव्हा ‘चित्रकलेत वेळ घालवू नकोस’ असे घरी ऐकून आलेल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता प्रत्यक्षात काय चालते ते सांगते. एका संग्रहालयात मी शंभरेक मुलांची सहल पाहिली. दोन-दोनच्या रांगा, शिट्टी, “हात लावू नका, पुढे चला.” ज्यांना थांबायला मिळाले ती मुले पाट्या उतरवून घेत होती, कारण प्रकल्पाच्या वहीत तेच लिहायचे होते. नाव, धातू, गाव, शतक. वस्तूकडे मान वर करून पाहायला कोणाला सवड नव्हती. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना पाट्यांवर गुण मिळणार होते.

म्हणून सहशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्गाचे लहान गट करा, प्रत्येक मुलाला एकच वस्तू निवडू द्या आणि वहीत पाटी नको, रेखाचित्र मागा. बाकीची दालने राहिली तर राहू द्यात. पालक पुन्हा घेऊन येतील. आमच्याकडे कितीतरी मुलांनी नंतर आजी-आजोबांना तिथे ओढून नेले, आणि आजीने अडकित्ता धरायचा कसा ते दाखवले.

संग्रहालयांनीही पाटीवर एक ओळ वाढवावी, ही वस्तू चालते कशी याची. ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक हाताळायचे टेबल ठेवावे. त्यासाठी मौल्यवान वस्तू काचेबाहेर काढायची गरज नाही. पितळी अडकित्ता तुळशीबागेत आजही मिळतो. त्याचे पाते बोथट करून, साखळीने बांधून, सुपारीऐवजी खडू ठेवला आणि शेजारी एक मदतनीस उभा केला की झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले आणि पहिल्या प्रदर्शनाची मांडणी ठरवण्यात मुलांनाच सामील करून घेतले. जे मुंबईत जमले ते जिल्ह्याच्या ठिकाणी लहान प्रमाणावर का जमू नये?

आपल्यालाही एक विनंती. आपल्या अंकातल्या मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या वस्तूचे आतल्या रचनेसह रेखाचित्र छापावे. सुरुवात कुलपापासून व्हावी अशी आमच्या वर्गाची मागणी आहे. जुन्या कुलपांच्या एका प्रकारात किल्ली फिरवायची नसते, नुसती आत सरकवायची असते. आतल्या पसरलेल्या लवचिक पट्ट्या ती दाबून जवळ आणते आणि कडी सुटते. मी फळ्यावर हे काढून पाहिले, पण पट्ट्या नेमक्या कुठे अडतात ते मागच्या बाकांपर्यंत पोहोचले नाही. छापील चित्र प्रत्येकाच्या हातात आले तर पुठ्ठ्याचे कुलूप करून पाहायची मुलांची तयारी आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, पुणे