सोलेनॉइडला सप्लाय किती अँपियरचा?

मा. संपादक,
स.न.

पुरवणीत शाळकरी मुलांच्या आपोआप वाजणाऱ्या झायलोफोनबद्दल छापलंत, मस्तच. पण "12 व्होल्टचा कुठलाही अ‍ॅडाप्टर चालेल" असं जे शेवटी टाकलंय ना, ते वाचून लोक घरातल्या राउटरचा अ‍ॅडाप्टर काढून जोडतील, म्हणून लिहितोय.

झायलोफोनच्या पट्टीवर ठोका मारतो तो सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की आतला दांडा ढकलणारी तारेची कॉइल. समजा ही कॉइल मल्टिमीटरवर 6 ओहम दाखवते, म्हणजे 12 व्होल्टला 2 अँपियर. कॉइल आठ असल्या तरी एका वेळी जास्तीत जास्त तीन सूर वाजणार, म्हणजे 6 अँपियर. यावर कोणीतरी हमखास म्हणतं की अहो ठोका 30 मिलिसेकंदांचा, सेकंदाला चार धरले तरी सरासरी पाऊण अँपियरसुद्धा होत नाही, 1 अँपियरचा बास झाला! इथेच गंडतं. सरासरीवरून कॉइल किती तापेल ते कळतं, सप्लायला मात्र तेवढ्या 30 मिलिसेकंदांत अख्खे 6 अँपियर द्यावे लागतात, ते नाही जमले की व्होल्टेज बसतं, ठोका फुसका पडतो, आणि त्याच सप्लायवर आर्डुइनो (कॉइल चालू-बंद करणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) असेल तर तो रिसेट होतो आणि पोरं बिचारी प्रोग्राममधे चूक शोधत बसतात.

मोठा कपॅसिटर (चार्ज साठवून ठेवणारा भाग) लावा म्हणतात, तर 10,000 मायक्रोफॅरडचा घेतला तरी 12 व्होल्टला त्यात 0.12 कूलंब चार्ज मावतो आणि तीन कॉइलच्या एका ठोक्याला लागतो 0.18. मदत होते, पण त्याच्या जिवावर सप्लाय लहान घेऊ नका.

सरळ एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो 12 व्होल्ट 10 अँपियरचा एसएमपीएस (पत्र्याच्या डब्यातला पॉवर सप्लाय) घ्यावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सहज मिळतो. 10 अँपियरने कॉइल जळेल ही भीती फुकटची आहे, कॉइल तिला हवे तेवढेच ओढते. फक्त याच्या उघड्या स्क्रूंवर 230 व्होल्ट असतात, मुलांच्या हातात द्यायच्या आधी झाकण हवंच.

आणि तुम्ही छापलेल्या आकृतीत कॉइलला उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिसला नाही. साधा 1एन4007 चालतो, तो नसेल तर कॉइल बंद होताना जो व्होल्टेजचा झटका येतो त्याने मॉस्फेट, म्हणजे कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जातो.

अजून एक, प्रोग्राम हँग होऊन एखादी कॉइल चालूच राहिली तर ठोक्यापुरती बनवलेली कॉइल थोड्या वेळात जळते, आणि फ्यूज काही वाचवत नाही कारण 2 अँपियर हा तिचा नेहमीचाच करंट, फ्यूजला कळणार कसं? वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला की बोर्ड आपोआप रिसेट करणारा) लावून, रिसेट झाला की सगळ्या कॉइल आधी बंद होतील असं बघा.

– एक वाचक, पुणे